दोष आढळला नाही

टोस्टर खट्कन वाजला आणि फोनवरची शांतता मोडली.

"काय झालं?" सुनावणी घेणारे लिंडक्विस्ट दचकले.

"काही नाही, सर. मुलीचा नाश्ता. बर्फामुळे शाळा बंद आहे," केंड्रा म्हणाली आणि टोस्टच्या कडा कापू लागली. टेसला कडा चालत नसत. ती टेबलाखाली बाहुलीला झोपवत बसली होती.

केंड्रा गाडी बनवणाऱ्या कंपनीची बाजू मांडत होती. पुन्हापुन्हा दुरुस्त करूनही नवी गाडी धड होत नसेल, तर कंपनीनं ती परत घ्यायची, असा कायदा. तिकडे सदोष गाडीला 'लिंबू' म्हणतात, म्हणून लोक त्याला लिंबू कायदा म्हणत. ऑफिसात केंड्रा तक्रारदारांना 'लिंबूवाले' म्हणायची.

आजची लिंबूवाली रोबर्टा निएमी. सरोवराकाठच्या डुलूथ शहरात चढउतारांवर घरोघरी जाऊन ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची.

"ब्रेक दाबला की पाय थेट तळाला जातो," स्पीकरवरून रोबर्टाचा आवाज आला. "गाडी सरोवराकडे घसरतच राहते."

"आणि आमच्या मेकॅनिकना काय सापडलं?"

"चारदा नेली. दरवेळी म्हणतात, आमच्याकडे तर नीट थांबली."

"म्हणजे त्यांच्यासमोर गाडी शहाण्यासारखी वागते आणि तुमच्याच पायाखाली तिला वात्रटपणा सुचतो." केंड्राने टोस्टवर जॅम पसरला. "घाबरून भलतंच पेडल दाबलं असेल. या वयात होतं असं."

"बावन्न म्हणजे काही वय नव्हे, पोरी. वजनदार म्हातारे उचलून टबात बसवते मी. कुठल्या पायाखाली काय आहे ते कळतं मला."

"मिसेस निएमी, ज्याला त्याला फुकट नवी गाडी हवी असते."

"नवी नको. थांबणारी हवी. आज हरले तर उद्या सकाळी हिच्यातूनच तो उतार उतरायचाय मला. गाडी नाही तर काम नाही."

केंड्राने फोनचा माइक क्षणभर बंद केला, तोंड वाकडं केलं, टेसचं नाक पुसलं आणि माइक पुन्हा सुरू केला.

"सर, हेच मॉडेल माझ्या दारात उभं आहे. मी स्वतः घेतलंय. माझ्या मुलीची खुर्चीसुद्धा त्यातच आहे."

टेबलाखालून टेसने मान वर केली. केंड्राने चटकन टोस्ट तिच्या हातात दिला.

लिंडक्विस्टनी घसा खाकरला. लेखी निकाल नंतर येईल, पण गाडीत दोष सिद्ध होत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

"बरं," रोबर्टा म्हणाली. "तुमच्या पोरीला जपा, बाई." फोन बंद झाला.

"एकदाची गेली," केंड्रा पुटपुटली. तिने टेसला बर्फातले बूट चढवले, टोपी कानांवर ओढली, गालाचा पापा घेतला. ग्रॅनीकडे जायचं होतं.

दारात गाडी खिडक्यांपर्यंत बर्फाने झाकलेली होती. चाकांना विटा लावलेल्या. केंड्रा तिच्याकडे न बघता टेसचा हात धरून बसथांब्याकडे वळली.

टेस मात्र थांबली.

"मॉमी, हिच्यात परत कधीच बसायचं नाही, असं तू रडून म्हणाली होतीस ना? मग त्या फोनवरच्या काकूंना का बसायला सांगितलंस?"