वाडीवरचा ओळंबा

भाकीतयंत्र येणारं संकट शब्दांत सांगत नसे, चित्रात दाखवी. त्याचा अर्थ लावायला तालुक्याने हन्नाबाई वाक्रुळकरांना नेमलं होतं. जुन्या इस्राएली नबींची, म्हणजे संदेष्ट्यांची, दर्शनं त्यांना पाठ होती.

आज पडद्यावर वाडीच्या माथ्यावरची संरक्षक भिंत होती आणि तिला ओळंबा, दोरीला टांगलेलं वजन, लावणारा एक हात.

“ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे,” त्यांचा मुलगा अहरोन म्हणाला. भिंत त्यानेच बांधली होती.

“बांधताना लावला तर. इथे भिंत उभी राहिल्यावर लावलाय, ती कलली का ते बघायला. आमोस नबीला हेच दिसलं होतं, आणि मागोमाग नाश आला. खाली तीनशे माणसं आहेत.”

“भोंगा वाजवून वाडी रिकामी केलीस तर माझं नाव संपलं, आई. याच पडद्यावर आधी टोळ दिसले, मग आग. दोन्ही वेळा तू प्रार्थना केलीस आणि टळलं. आता पोटच्या पोरासाठी कर की!”

“टोळ आणि आग पाहून नबीनेही देवाला दोनदाच विनवलं, बाळा. ओळंबा पाहून तो गप्प राहिला.”

त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं.

दुपारी शेवटचं घर रिकामं झाल्यावर अहरोनने भिंतीच्या माथ्यावरून वाडीच्या बाजूला स्वतःचा ओळंबा सोडला. पायथ्याशी दोरी आणि भिंत यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.