राक्षस काही जमेना

“हाही नाही!” मुखवटेवाल्याने कागदाचा ओला लगदा टेबलावर आपटला.

समोर त्याची पाच वर्षांची नात राक्षसाच्या नाकात बोट घालून खुदुखुदू हसत होती.

मुलांच्या नाटकाचा प्रयोग उद्यावर आला होता. दिग्दर्शक सकाळीच बजावून गेला होता. बोलताना त्याची नजर, नेहमीसारखी, फळीवरच्या मुखवट्यांवर होती. “काका, मला विचारू नका, मी असले ढिगानं पाहिलेत. तुमची नात घाबरली की राक्षस पास. नाहीतर संध्याकाळी दुकानातून प्लास्टिकचा आणतो.”

प्लास्टिकचा! उभा जन्म या कामात घालवला तो यासाठी?

राजकन्या कशी झटक्यात जमली होती. दिग्दर्शकाने दिलेलं चित्र समोर ठेवलं आणि हुबेहूब उतरवलं. नितळ गाल, कोरलेल्या भुवया. राक्षसाचं मात्र चित्र नव्हतं. मग त्याने आपली जुनी रीत धरली. डोळे मिटायचे, डावा हात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवायचा आणि उजवा साच्याच्या मातीवरून. हाड कुठे, खळगा कुठे, ते बोटं बरोबर सांगतात. आरसा लागतच नाही. जुन्या कारखान्याला आग लागली तेव्हा होता तो फुटला. नवा आणावासा त्याला कधी वाटला नाही.

त्याने राक्षसाचे दात वाढवले.

“आजोबा, याला दात घासायला सांगा.”

त्याने दात पुन्हा लहान केले. डोळे मिटून नव्याने सुरुवात केली. ओठ एका बाजूला ओढला, एक डोळा अर्धा बुजवला, गालावर चुरगळलेल्या कातडीच्या वळ्या उठवल्या. रंग वाळल्यावर मुखवटा हातात धरला, तेव्हा त्याची त्यालाच किळस आली. आता बघतोच कशी घाबरत नाही!

नात धावत आली आणि तिने राक्षसाचा पापा घेतला.

“अगं बये, नावाला तरी घाबर की!” त्याने कपाळावर हात मारला. “तुला भीती कशाचीच वाटत नाही का?”

“वाटते ना.” तिने मान न वळवता राजकन्येकडे बोट दाखवलं. “तिची. ती आपल्या ओळखीची नाहीये.”

“आणि याची?”

नातीने एक हात राक्षसाच्या चुरगळलेल्या गालावर ठेवला, दुसरा आजोबांच्या.

“तुमची कशाला वाटेल?”