वरच्या खोलीतला नळ

वरच्या खोलीतला नळ पुन्हा गळत होता.

सुनेनं खाली बादली सरकवली आणि खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राला एक शिवी हासडली. उद्या पाहुणे येणार होते आणि त्यांनी समुद्राकडची म्हणून हीच खोली मागून घेतली होती. मागचे पाहुणे याच टपटपीला वैतागून पलीकडच्या हॉटेलात गेले, आणि जाताना चार जणांना सांगून गेले. आणखी एकदा असं झालं की होमस्टेला कुलूप लावून शहरात नोकरी शोधायची, हे तिला कळून चुकलं होतं.

घरातले दोन्ही पुरुष लागोपाठ गेले, तेव्हा सासू-सुना सगळं विकून या किनाऱ्यावर आल्या होत्या. आयुष्य नव्यानं सुरू करू, असं सून मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. ते नवं आयुष्य नळाखाली बादल्या लावण्यात चाललं होतं.

"प्लंबरला निरोप धाडते गं," खालून सासूबाईंचा आवाज आला. जिना चढायचं त्या टाळायच्या. गुडघे कुरकुरायचे.

"परवाच तर येऊन गेला."

गावात प्लंबर एकच, त्यामुळे त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. तो यायचा, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढायचा, नळ खोलून नवा वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, बसवायचा. खाऱ्या हवेत रबर टिकत नाही, एवढंच बोलायचा. मग स्वयंपाकघरात बसून बिनसाखरेचा चहा घ्यायचा, तोही इतका निवांत, जणू नळ नाही, जहाज दुरुस्त केलंय. सुनेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात सासूबाईंची टकळी. माणूस किती सरळ आहे. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घर कसं लख्ख ठेवतात. "माणसानं एकटं राहू नये गं," हे मात्र त्या सुनेकडे न बघता म्हणायच्या. सून भांडी आपटून विषय संपवायची. तिला नवरा नको होता, न गळणारा नळ हवा होता.

निरोप गेला. तेवढ्यात उशांच्या अभ्र्यांना बटणं लावून घ्यावीत म्हणून सुनेनं सासूबाईंचा शिवणाचा डबा उघडला. बटणांच्या तळाशी हाताला काहीतरी मऊ लागलं. रबरी चकत्या होत्या, नव्याकोऱ्या, मूठभर.

डबा घेऊन ती आतल्या खोलीत गेली. सासूबाई आरशापुढे केस विंचरत होत्या.

"आई, गुडघे दुखतात ना तुमचे?"

कंगवा थांबला. "सांगणारच होते," सासूबाई पुटपुटल्या. "पण तू चिडतेस."

चिडू नको तर काय करू, असं म्हणताना सुनेला रडूच फुटलं. इकडे धंदा बुडायला आलाय आणि ही बाई आपलं भलं करायला या वयात चोरून जिना चढतेय. तिला भरून आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

दारात प्लंबर उभा राहिला, हातात हत्यारांची पिशवी. आत चकतीच नाही हे नळ खोलणाऱ्याला दर वेळी दिसत असणार. म्हणजे हाही सामील. सुनेनं त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"आईंच्या मनात काय आहे ते मला कळलंय. स्पष्ट सांगते, हे लग्न होणार नाही. पुन्हा या दारात येऊ नका."

प्लंबरनं चष्मा काढून सावकाश पुसला. मग सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"तरी मी यांना म्हणत होतो, आधी तुमच्या कानावर घालू," तो म्हणाला. "यांचा होकार कधीच मिळालाय. तुमच्यासाठीच थांबलो होतो, सूनबाई."