देवकीचे पाहुणे

कागदातला तुकडा परातीत पडला आणि नीलाचं तोंड उतरलं. बड्याचं, म्हणजे म्हशीचं मटण, तेही छातीचं. चामड्यासारखं चिवट.

"बकऱ्याचं परवडलं असतं तं तेच आणलं असतं," सासरे गोपाळराव खालमानेनं म्हणाले. मिल तीन आठवडे बंद होती. "पाहुणे पारशिवनीहून येऊन राहिले. चार वाजता पानं मांडा लागतीन. होईन का याचं काही?"

"होईन, मामाजी. पण आतापासूनच आग चेतवा लागन."

सकाळचे सात वाजले होते.

"मटण तूच कर," सासू बायजाबाई आतून म्हणाल्या. "देवकीनं हात नाही लावाचा."

नीलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहायला यायच्या दिवशीच पोरीचं तोंड धुरानं काळवंडून कसं चालेल? देवकी तिची नणंद. वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. तिच्यासाठी पाहुणे येणार असं सगळा मोहल्ला म्हणत होता.

नीलाचा नवरा चार वर्षांपूर्वी तापानं गेला. पदरी मूल नव्हतं. ती याच घरात राहिली, भाकऱ्या थापत, पाणी भरत. पण परवा न्हाणीत असताना सासूचं बोलणं तिच्या कानी पडलं होतं.

"नीलाले आता या घरात ठेवणं बरं नाही."

"पाहुणे येऊन जाऊ दे," गोपाळराव म्हणाले होते. "मंग बोलू तिच्याशी."

म्हणजे देवकीचं जमलं, की आपली रवानगी भावाकडे. आणि भावजय तर दोन दिवस झाले की भांडी आपटायला लागायची. दोन रात्री नीलाचा डोळा लागला नव्हता. आज असं रांधायचं, तिनं ठरवलं, की या घराला आपल्यावाचून चालू नये.

तिचा बाप जंगलातल्या साहेबांच्या कॅम्पवर खानसामा होता. स्वस्तातलं मटण त्याच्या हातात लोण्यासारखं व्हायचं. "चिवट मटणाले जाळ नाही लागत," तो म्हणायचा, "वेळ लागते."

तिनं तिखट, मीठ, लसूण आणि चिमूटभर गूळ वाटून तुकड्याला चोळला. तेलाच्या रिकाम्या पिप्याला खाली मूठ जाईल एवढी भोकं पाडली. तळाशी बाभळीचे निखारे, त्यांवर मोहाची ओली ढलपी. मध्यावर तारेची जाळी, जाळीवर चरबीची बाजू वर करून मटण, कडेला पेलाभर पाणी. वरून झाकण आणि झाकणावर ओलं पोतं.

मग ती तिथंच बसली. निखारा फुलला की राख टाकायची. धूर मंदावला की एक ढलपी सरकवायची. झाकण मात्र उघडायचं नाही.

बाराच्या सुमारास देवकी पुस्तक घेऊन अंगणात आली.

"वैनी, डोये पाहा तुमचे. लाल झाले."

"होऊ दे. पाहुण्याइनं विचारलं तं तूनंच केलं म्हणून सांगजो."

"काहून?"

"तुलेच पाहाले येऊन राहिले न वं."

देवकी ओठ दाबून हसली आणि आत गेली.

दुपारी नीलानं मटण काढलं. वरून काळंभोर झालं होतं. पळसाच्या पानांत गुंडाळून, पोत्यात दाबून तिनं ते तासभर ठेवलं.

"आता लुगडं बदल," बायजाबाई म्हणाल्या. "वाढाले तूच ये."

पाहुणे दोघंच होते. मीराबाई आणि त्यांचा मुलगा मनोहरराव, पारशिवनीच्या शाळेत मास्तर. नीलानं दारातून पाहिलं. माणूस शांत दिसत होता, पण कानशिलांवर पांढरे केस होते. देवकीच्या मानानं थोडा थोराडच, तिला वाटलं. पण नोकरी होती, चेहरा भला होता.

तिनं मटणाच्या धाग्यांना आडव्या चकत्या कापल्या. सुरी नुसती टेकवली तरी उतरत होती. पानं वाढून ती भिंतीशी उभी राहिली.

मास्तरांनी एक घास घेतला. मग मान वर न करता दुसरा, तिसरा. मीराबाईंना पुढचे दात नव्हते. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"बकऱ्याचं नाही हे," त्या म्हणाल्या.

गोपाळरावांचा हात पानावरच थांबला. "नाही, बाई. बड्याचं हाये."

"मंग तं करणाऱ्याचा हातच मोठा." मीराबाईंनी आणखी एक तुकडा घेतला. "कोणं केलं?"

बायजाबाईंनी तोंड उघडलं, पण नीलानं त्यांना बोलू दिलं नाही.

"देवकीनं," ती घाईघाईनं म्हणाली. "सकाळपासून आगीपुढं बसली होती बिचारी. स्वयंपाकात लय हुशार हाये आमची देवकी."

गोपाळराव बायजाबाईंकडं पाहायला लागले, बायजाबाई देवकीकडं. देवकीनं पदर तोंडाला लावला. मास्तरांनी पहिल्यांदाच नजर उचलून नीलाकडं पाहिलं.

मीराबाईंनी सावकाश बोटं पुसली.

"देवकीले येते, बरं हाये," त्या म्हणाल्या. "पण माह्या मनोहरसाठी मी तं तुले मागाले आली, नीला. तुले काय येते?"