मधली जागा

नऊ वर्षं बँडमधल्या त्या तिघींनी मला एका टोकाला उभं करून नाचवलं. पोस्टर छापलं की नेमका माझाच खांदा कापलेला! शेवटी बँडला लाथ मारली आणि एकटीच्या नावावर पहिला अल्बम काढला.

आज त्यातल्या पहिल्या गाण्याचं शूटिंग होतं. मी उभं राहायचं तिथे जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली होती, बरोब्बर मध्यभागी. सहा टेक झाले, तरी मुखडा आला की मी पुन्हा फ्रेमच्या कडेला! माझं डोकंच फिरलं.

"त्या तिघींनी तुलाही फितवलंय का रे?" मी कॅमेरामनवर ओरडले. "इथे मी एकटी आहे, तरी मलाच कोपऱ्यात ढकलतोस? लाज नाही वाटत?"

तोही वैतागला होता. त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला.

"ताई, कॅमेरा सकाळपासून स्टँडवर घट्ट बसवलाय. हलतंय कोण, ते तुम्हीच बघा."

मी बघितलं.



मुखडा सुरू झाला की मीच फुली सोडून कडेला सरकत होते, आणि शेजारी तिघी मावतील एवढी जागा सोडून नाचत होते.