झाकणातला चहा

"सर, माझ्या हातात काहीतरी बिघाड आहे," रुखसार कुरकुरली.

ती सकाळीच बर्वे सरांच्या प्रयोगशाळेत रुजू झाली होती. नव्या माणसाच्या हातांत जुन्या संशोधकाचं कसब उतरवायची विद्यापीठात आता रीतच पडली होती. मनगटाला पट्टा बांधला आणि तासाभरात, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या शैला धुपकरांचं कसब तिच्या बोटांत आलं. केसाएवढ्या तारेला तिने पहिल्याच खेपेला सोल्डरिंगचा नेटका डाग दिला.

"डाग झकास बसतोय. पण थर्मास उघडला, की हात आपोआप झाकणात चहा ओततो आणि डावीकडे सरकवतो. तिकडे तर कुणीच नाही!"

बर्व्यांनी डावीकडच्या स्टुलाकडे पाहिलं. त्यांनी आणि शैलाने मिळून प्रयोगशाळा थाटली तेव्हा कप एकच होता, तो तिचा. बर्वे त्या स्टुलावर बसून झाकणातून चहा प्यायचे, तिच्या डागांना नावं ठेवायचे आणि वर शिव्या खायचे. पुढे ते विभागप्रमुख झाले, केबिनमध्ये गेले. चहाही तिकडेच येऊ लागला.

"शैलाच्या हातांची नोंद कधी घेतली होती गं?"

रुखसारने पट्ट्यावरची तारीख वाचली. "त्या गेल्या, त्याच्या महिनाभर आधी."

बर्व्यांना केबिनमध्ये जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

"तेवढी सवय काढून टाकू का, सर? रोज चहा वाया जाईल."

बर्व्यांनी स्टुलावरची धूळ हातानेच पुसली आणि ते बसले.

"नाही जायचा," म्हणत त्यांनी झाकण पुढे ओढून घेतलं.