मूठभर कोंडा

शेवंताबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती, तेवढ्यात ती बाई दारात येऊन उभी राहिली. सात वर्षांत तिचं हिरवं लुगडं विटलं नव्हतं, की एक केस पिकला नव्हता.

दोन लेकरं पाळण्यातच गेल्यावर तिसरं तरी जगावं म्हणून शेवंताबाईनं ते सुपात घालून मूठभर कोंड्याला विकलं होतं. विकलेल्या पोराला मरण परक्याचं समजून सोडतं, अशी रीत. लोक त्यासाठी शेजारीण ठरवतात. पण शेजारणीचे उपकार घेईल ती शेवंताबाई कसली! वाटेनं पहिली आली त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईलाच तिनं हाक मारली होती.

"कोंडिबाला न्यायला आले," बाई म्हणाली.

"चल हो बाजूला! कोंडा हवा तर पोतंभर ने. पोराला हात लावलास तर हात उपटून देईन."

"पोर माझं आहे. तू नुसतं सांभाळलंस. पहिली दोन मी फुकट नेली, गं. हे एकच विकत घेतलं."

शेवंताबाईच्या हातातलं सूप गळून पडलं. आवाजानं कोंडिबा बाहेर धावत आला आणि थेट त्या बाईच्या पदराला बिलगला.

जन्मात कुणापुढं न वाकलेल्या शेवंताबाईनं तिचे पाय धरले. "मलाही ने, माये."

"तुला कुणी विकलंय कुठं?"

अंगणापलीकडं गेल्यावर कोंडिबानं एकदा मागं वळून पाहिलं, मग त्या बाईचा हात ओढून विचारलं, "आई, ती कोण गं रडतेय?"